पाणी गेलं

माझ्या नवऱ्याला श्वास फार छान घेता येतो. तसा तो सगळ्यांनाच येतो, पण त्याने त्याचं रीतसर शिक्षण घेतलं आहे. मला दिवस राहिल्यावर त्याने आम्हा दोघांची नावं बाळंतपणाच्या तयारीच्या एका वर्गात घातली. आम्ही राहतो त्या बेळ्ळंदूरमधल्या एका काचेच्या इमारतीत दर शनिवारी सात-आठ जोडपी मॅटवर मांडी घालून बसायची आणि शिकवणारी बाई सांगेल तसा श्वास आत-बाहेर करायची. माझा श्वास तिला कधीच पटला नाही. नवऱ्याचा इतका पटला, की एकदा तिने बाकीच्या पुरुषांना त्याच्याकडे बघून शिकायला सांगितलं. त्या दिवशी घरी येताना तो अख्ख्या रस्त्यात स्वतःवर खूश होता.

"आम्ही प्रेग्नंट आहोत," असं तो लोकांना सांगायचा. लिफ्टमध्ये, ऑफिसात, पुण्याच्या नातेवाइकांना फोनवर. या 'आम्ही'चा मला पहिल्यापासून राग होता. उलट्या मी करत होते, पाय माझे सुजले होते, कूस बदलायला उशीचा टेकू मला लागत होता, आणि कौतुकाच्या वेळी मात्र आम्ही. पण बोलायची सोय नव्हती. असा नवरा मिळायला भाग्य लागतं, हे मला रोज कुणी ना कुणी ऐकवायचंच. माझ्या आईला तर जावयाचं कौतुक करायला तोंड पुरत नव्हतं. मी जन्मले तेव्हा माझे वडील मला बघायला चौथ्या दिवशी आले होते, त्यामुळे पुरुषांकडून तिच्या अपेक्षा तरी कितीशा असणार.

पहिलं बाळंतपण माहेरी, ही आमच्याकडची रीत. आईने पुण्यात माझ्या खोलीला नवा रंग दिला होता, डिंक आणि अळीव आणून ठेवले होते, बाळाला न्हाऊ घालणारी बाई बोलून ठेवली होती. मला जायचं होतं. मला आईच्या हातचं गरम खायचं होतं आणि कुणीतरी आपलं सगळं करावं असं वाटत होतं, त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण नवऱ्याला पहिल्या क्षणापासून हजर राहायचं होतं. "तू पुण्यात आणि मी इथं, मग मी हे सगळं शिकलो कशाला?" असं त्याने विचारलं. म्हणजे मी बाळंत व्हायची ती त्याचा अभ्यास वाया जाऊ नये म्हणून. तरीही, या माणसाला माझ्याजवळ राहायचंय, हे मला आवडलं. फार आवडलं. मी आईला येत नाही म्हणून कळवलं. ती थोडी रडली आणि मग म्हणाली, "जावयांची एवढी हौस आहे तर राहा बाई. मीच येईन तिकडे."

दवाखानासुद्धा त्याच्या हौशीनेच ठरला. आमच्या गॅलरीतून पाटी वाचता येईल इतक्या जवळ एक चांगला दवाखाना होता, पण तिथे बाळंतपणाच्या खोलीत नवऱ्यांना घेत नसत. मग त्याने जे. पी. नगरमधला एक शोधून काढला. तिथे घेत. बेळ्ळंदूरहून जे. पी. नगरला जायचं म्हणजे मध्ये आउटर रिंग रोड आणि सिल्क बोर्डचा चौक. या शहरातला माणूस त्या वाटेने सख्ख्या भावाच्या घरी जायचं झालं तरी दहादा विचार करतो. मी तसं म्हटल्यावर तो म्हणाला, की आपण वेळेच्या आधीच निघू, मी ट्रॅफिकचा सगळा अभ्यास केलाय. त्याचा अभ्यास कशाचा नव्हता हेच विचारायला हवं.

आमची इमारत तळ्याकाठी आहे. तळं दिसतं म्हणून लोक इथे हौसेने घरं घेतात आणि तळ्याचा वास येतो म्हणून खिडक्या कायमच्या लावून टाकतात. समोर एवढं पाणी असून नळाला मात्र नाही. दिवसाआड ते जायचं, मग सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सगळे शहाणे एकदम जागे व्हायचे, भूजलापासून भ्रष्टाचारापर्यंत चर्चा व्हायची आणि शेवटी टँकर यायचा. आम्ही दोघं आपापल्या कामात असलो, की जो घरी असेल त्याने दुसऱ्याला तेवढंच लिहायचं: पाणी गेलं. थोड्या वेळाने: टँकर आला. आमच्या लग्नातला बराचसा पत्रव्यवहार या दोन वाक्यांत उरकलेला आहे.

मला नववा लागला आणि नवऱ्याच्या कंपनीला पुण्यातल्या एका क्लायंटकडे काहीतरी सुरू करून द्यायचं निघालं. त्याच्याशिवाय ते सुरूच होणार नाही असं कंपनीचं म्हणणं होतं, निदान त्याने मला तसं सांगितलं. "एकच आठवडा. डॉक्टरही म्हणाल्यात ना, अजून बराच वेळ आहे," तो म्हणाला. जाताना त्याने माझ्या पोटावर हात ठेवून बाळालाही समजावून सांगितलं, की बाबा येईपर्यंत थांबायचं. बाळाला इंग्रजीत सांगितलं.

कंपनी त्याला हॉटेल देत होती. ते कळल्यावर माझी आई दुखावली. सासुरवाडी गावात असताना जावई हॉटेलात उतरतो म्हणजे लोक काय म्हणतील? मग तो माझ्या माहेरी उतरला. माझ्यासाठी रंगवलेल्या खोलीत, माझ्या पलंगावर, माझ्यासाठी शिवलेली मऊ गोधडी पांघरून झोपला. आणि आई नेमकी त्याच आठवड्यात माझ्याकडे यायची होती, तिने तिकीट पुढे ढकललं. "अगं, ते इथं असताना मी कशी निघू? बरं दिसतं का? त्यांच्या डब्याचं कोण बघणार?"

हा प्रकार मी पुष्कळांना सांगून पाहिला आहे. आपल्या लोकांना त्यात काही वावगं वाटत नाही. मुलीचे दिवस भरत आलेत, ती परक्या शहरात एकटी आहे, आणि तिची आई जावयाला अळूवड्या तळून वाढते आहे, हे ऐकून माणसं मान डोलावतात आणि विचारतात, घरच्या अळूच्या का? तो मला रोज ताटाचा फोटो पाठवायचा. मसालेभात, श्रीखंड, कोशिंबीर जागच्या जागी. खाली लिहायचा, "मिस यू." बहुधा तोंडात घास असताना.

त्या दिवशी सकाळी माझी कंबर भरून आली होती. आदल्या दिवसापासूनच दुखत होती, पण दिवसभर लॅपटॉपपुढे बसून कुणाची दुखत नाही, म्हणून मी तिच्याकडे लक्ष दिलं नव्हतं. सुट्टीवर जाण्याआधी काम दुसऱ्याच्या हवाली करायचं होतं आणि माझा मॅनेजर "बस, एक लास्ट चीज" असं म्हणत एकामागून एक नव्या चीजा काढत होता. त्याची एक लास्ट चीज चालू असताना मी खुर्चीतून उठले आणि पायांवरून पाणी वाहिलं. एकदम, कोमट, थांबवता न येणारं. मी त्याला म्हटलं, मला जावं लागेल. तो म्हणाला, "शुअर, पाच मिनट में वापस आओगी ना?" मी लॅपटॉप मिटला.

नवऱ्याला फोन लावला. त्याने कापला. मेसेज आला: "कामात आहे. लिही."

मी लिहिलं: "पाणी गेलं."

शनिवारच्या वर्गात या गोष्टीला इंग्रजी नाव होतं. नवऱ्याला ते पाठ होतं. असं झालं तर काय करायचं, पाण्याचा रंग कसा असला तर घाबरायचं, कुठली बॅग उचलायची, हे तो झोपेतून उठवलं तरी सांगू शकला असता. मीही ते इंग्रजीतच शिकले होते. पण चपलेत पाणी साचलेलं असताना मला इंग्रजी सुचलं नाही. माझी आई, मावशी, आत्या, आमच्याकडच्या सगळ्या बायका जे म्हणतात तेच माझ्या बोटांनी लिहिलं.

उत्तर लगेच आलं. "परत? सेक्रेटरीला फोन कर. टँकर मागव."

मी तशीच उभी राहून ते वाचलं. मग आणखी एक आलं: "बादल्या उचलू नकोस हं. काळजी घे." पुढे एक हसरा चेहरा.

आज तो हा किस्सा मित्रांत स्वतःच सांगतो आणि त्याला 'कम्युनिकेशन गॅप' म्हणतो. सगळे हसतात, मी चकल्यांची बशी फिरवते. खुलासा करायला मला त्या वेळी एक ओळ पुरली असती, हे खरं आहे. ती मी लिहिली नाही. बायकोला नववा चालू आहे, ती भर कामाच्या वेळी आधी फोन करते, मग 'पाणी गेलं' लिहिते, आणि यांना टँकर आठवतो. असल्या माणसाला मी आणखी काय समजावून सांगायचं होतं? मला संताप आला होता. आणि संतापाच्या खाली मला फार एकटं वाटत होतं.

मग आईला फोन केला. तिने उचलला. मी "आई" म्हणते तोवर ती म्हणाली, "थांब हं, त्यांचा डबा न्यायला माणूस दारात उभा आहे, मग करते," आणि ठेवला. दोन फोन झाले होते. तिसरा करायची मला लाज वाटली.

मी समोरच्या फ्लॅटची बेल वाजवली. तिथे निपाणीकडच्या एक बाई एकट्या राहत. बँकेतून निवृत्त झालेल्या. माझं त्यांच्याशी फारसं पटत नसे. तोंडाचा पट्टा सदा चालू, कोण कुणाकडे आलं-गेलं याची बारीक चौकशी, आणि कुणाबद्दल चांगलं बोलायचं जिवावर येई. पहिल्या भेटीत मी काकू म्हटलं, तर म्हणाल्या, "काकू कुणाची? अक्का म्हण." सोसायटीतल्या पुण्या-मुंबईच्या मंडळींना त्यांच्या 'मी येतो, मी जातो' अशा मराठीचं हसू येई. त्यांना आमच्या मराठीची कीव येई, आणि ते त्या तोंडावर सांगत.

दार उघडून त्यांनी आधी माझ्या तोंडाकडे आणि मग माझ्या ओल्या कपड्यांकडे पाहिलं.

"पाणी गेलं," मी म्हटलं.

"दिसालंय की," अक्का म्हणाल्या. "नवरा कुठाय?"

"पुण्याला. माझ्या माहेरी."

"आणि आई?"

"तीपण तिथंच. त्याला वाढायला."

अक्कांनी पुढची चौकशी केली नाही. त्यांना ओळखणाऱ्यांना यावरून काय ते कळेल. मग त्या म्हणाल्या, "बाई गं, काय माणसं तुझी. थांब स्वल्प, चप्पल घालतो."

त्यांनी टॅक्सी बोलावली आणि माझी बॅग उचलली. ती बॅग नवऱ्याने महिनाभर आधीच भरून दाराशी ठेवली होती आणि तिच्यात त्याचे स्वतःचे दोन शर्ट होते. गाडी गल्लीतून बाहेर पडते तोच ड्रायव्हरने जवळच्या दवाखान्याकडे बोट दाखवलं. "आस्पत्रे इल्ले इदे, अक्का." इथेच तर आहे की. अक्कांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, जे. पी. नगर.

"का गं?"

"तिथं नवऱ्याला आत घेतात."

"नवरा हाय कुठं आत घ्यायला?"

माझ्या डॉक्टर तिथे आहेत, असं मी सांगितलं. तेही खरं होतं. पण त्याहून खरं हे, की त्याच्या डोक्यात कधीतरी प्रकाश पडेल, तो धावत येईल आणि मी ठरल्या जागी त्याला सापडायला हवी, असं मला वाटत होतं. एवढा राग येऊनही मी त्याचीच वाट पाहत होते. या वाट पाहण्याचाच मला सगळ्यांत जास्त राग आला होता.

सिल्क बोर्डला गाड्या ठप्प उभ्या होत्या. तिथे माझ्या कळा वाढल्या. वर्गातला श्वास काही केल्या आठवेना. आठवत होता तो फक्त गाल फुगवून श्वास सोडणारा नवऱ्याचा चेहरा. अक्का फोनवर गिझर दुरुस्त करणाऱ्याशी कन्नडमध्ये भांडत होत्या. मध्येच फोन बाजूला धरून मला म्हणाल्या, "ओरड की. कोण ऐकालंय? काचा बंद हैत." मग मी ओरडले. ड्रायव्हर दचकला, आरशात बघून "स्वल्प, मॅडम, स्वल्प", म्हणजे जरा दम धरा, असं काहीतरी म्हणाला आणि हॉर्नवर हात ठेवून बसला. कुणी तसूभर हललं नाही. बाजूच्या गाडीतला एक माणूस हेडफोन लावून हातवारे करत मीटिंग करत होता आणि मी त्या परक्या माणसाचाही मनापासून तिरस्कार केला.

दवाखान्यात पोचल्यावर पहिला प्रश्न आला, "हजबंड?" मी म्हटलं, गावाला. "मग अटेंडर यारू?" म्हणजे बरोबर कोण आहे. "नाने," मीच, असं अक्का म्हणाल्या आणि पुढे झाल्या.

आत येणाऱ्या माणसाच्या गळ्यात तिथे एक गुलाबी पट्टा घालत आणि त्याच्या कार्डावर 'पार्टनर' असं लिहिलेलं असे. आम्ही पहिल्यांदा तो दवाखाना बघायला गेलो तेव्हा नवऱ्याने हौसेने तो पट्टा गळ्यात घालून फोटो काढून घेतला होता. आता तो अक्कांच्या गळ्यात पडला. त्यांनी कार्ड चष्म्याजवळ धरून वाचलं. "कसला पार्टनर? धंदा काढलाय काय दोघींनी?" त्या नर्सला म्हणाल्या. नर्सला मराठी येत नव्हतं, म्हणून ती गोड हसली.

माझ्या उशाशी एक खुर्ची होती. नवऱ्यांसाठीच ठेवलेली, गादीची. अक्का तिच्यावर बसल्या. त्यांनी मला श्वास घ्यायला सांगितलं नाही, पाठ चोळली नाही, धीराचा शब्दही काढला नाही. त्यांच्या नवऱ्याने तिन्ही मुलांच्या वेळी बाहेर बाकावर बसून पेपर कसा वाचला, ते सांगत बसल्या. "आत असता तर काय मोठं केलं असतं? आत येऊन पेपर वाचला असता." मी कळेसरशी त्यांचा हात धरला तेव्हा म्हणाल्या, "थांब, बांगडी रुतंल तुला." बांगड्या काढून पर्समध्ये ठेवल्या आणि तो हात परत माझ्याकडे दिला. पुढे तो संध्याकाळपर्यंत माझ्याकडेच होता.

शेवटी शेवटी मी नवऱ्याचं नाव घेऊन हाक मारली. एकदा नाही, बऱ्याचदा. ज्याला दिवसभर मनात शिव्या घातल्या, त्यालाच मी तिथे बोलावत होते, कारण मला तो हवा होता. अक्कांनी ते सगळं ऐकलं. त्याबद्दल त्या आजतागायत कुणाशी एक शब्द बोललेल्या नाहीत, हे त्यांच्या स्वभावाला अजिबात न शोभणारं आहे.

दिवेलागणीच्या सुमाराला मुलगी झाली. चिकट, लालबुंद आणि भयंकर चिडलेली. तिला माझ्या छातीवर ठेवलं तेव्हा ती मुठी वळून रडत होती. हिचं आपल्याशी पटणार, असं मला वाटलं. मला इतका आनंद झाला, की थोडा वेळ कुणाचाच राग आठवेना.

अक्कांनी पर्समधून माझा फोन काढून दिला. "सांग आता त्या माणसाला."

फोनवर आईचे दोन मिस्ड कॉल होते. तिने उचलत नाही म्हणून लिहूनही ठेवलं होतं: "रात्री त्यांना थालीपीठ चालेल का गं, की खिचडी टाकू?" नवऱ्याने दुपारच्या डब्याचा फोटो पाठवला होता. त्याच्याखाली विचारलं होतं, "आलं का पाणी?"

मी लिहिलं: "टँकर आला."

लगेच अंगठा आला. म्हणजे फोन त्याच्या हातातच होता.

मग मी लिहिलं: "मुलगी आहे."

निळ्या खुणा उमटल्या. तो काहीतरी लिहू लागला, थांबला, परत लिहू लागला, परत थांबला. मग फोन वाजायला लागला. माझ्या हातात बाळ होतं. अक्कांनी फोन घेतला आणि कानाला लावला.

"होय," त्या म्हणाल्या. "आत्ताच झाली की. दोघी बऱ्या हैत." मग त्याने काहीतरी विचारलं. "मी? मी कोण?" त्यांनी गळ्यातल्या पट्ट्याकडे पाहिलं, खुर्चीच्या हाताकडे पाहिलं. "मी तुमच्या खुर्चीवर बसलोय."

मग त्याचा आवाज मलाही ऐकू आला. तो रडत होता आणि मला फोन द्या म्हणत होता. अक्कांनी फोन माझ्यापुढे धरला. मला तो आवाज ऐकायचा होता, सकाळपासून त्याच आवाजासाठी माझा जीव तुटत होता. मी बाळाला आणखी जवळ घेतलं.

"कामात आहे म्हणावं," मी अक्कांना म्हटलं. "लिही म्हणावं."